स्पर्शाने तपासले

१९ नोव्हेंबर १९५६, सोमवार

सत्तावीस भाषा! जयवंतरावांनी गठ्ठा आपटला तो थेट माझ्या चहाच्या कपाशेजारी. म्हणाले, "कांताबाई, पंधरा जानेवारीच्या आत." माणूस व्यवस्थापक झाला की तारखा सांगण्यापलीकडे त्याला काम उरत नाही बहुतेक.

जगातल्या भाषा ब्रेलमध्ये कशा लिहितात, कुठल्या अक्षराला कुठले ठिपके, याचं एक मोठं मार्गदर्शक पुस्तक आहे. तीन-चार वर्षांतच जुनं झालं. कुणी अक्षरं वाढवली, कुणी ठिपके बदलले. आता नवी आवृत्ती निघायची आहे आणि आशियातल्या भाषांचे तक्ते परळच्या आमच्या छापखान्याच्या गळ्यात पडलेत. सिंहली, बर्मी, तिबेटी, फारसी — मला यातली एकही येत नाही. बुधाजींनाही नाही.

आम्ही दोघं आठ वर्षं एका टेबलाशी. ते आंधळे, उठावाचं पान बोटांनी वाचतात, मोठ्यानं. मी डोळस; हातातल्या छापील मजकुराशी जुळवते. गठ्ठ्यातून पान सोडवून त्यांच्यापुढे ठेवायचं कामही माझंच. कागद पुठ्ठ्यासारखा जाड, दोन-दोन पानं एकदम येतात. बोट जिभेला लावून लावून संध्याकाळी तोंडाला कागदाची चव येते.

मराठीचा आणि गुजरातीचा तक्ता शेजारी ठेवून पाहिला. क तोच, ख तोच, जवळजवळ सगळे ठिपके तेच. बाहेर मुंबई कुणाची म्हणून डोकी फुटतायत, आणि इथे दोघी सख्ख्या बहिणी एका अंथरुणात! हसू आलं, पण हसायचाही कंटाळा आला होता.

२१ नोव्हेंबर, बुधवार

फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराला आज वर्ष. गिरगावात दुकानं बंद. लालबागच्या अलीकडे ट्राम थांबली ती थांबलीच. पुढे चालत गेले. पाय!

बुधाजी नायगावहून काठी टेकत माझ्या आधी हजर. पान पुढे आलं तसा खिशातला रुमाल काढला, उजवा कोपरा पुसला, मग बोटं टेकवली. पहिल्या दिवसापासूनची सवय. स्वच्छतेचं वेडच या माणसाला. आईशी जमेल त्यांचं, असं मी एकदा जयवंतरावांना म्हटलं होतं. जमेल कसलं — आई त्यांना दारातच उभं करील.

२६ नोव्हेंबर, सोमवार

सिंहलीच्या तक्त्यात एक ठिपका जास्त उठलाय. बुधाजींच्या बोटाखालून तो गेला आणि ते म्हणाले, "बरोबर." मला तो खिडकीच्या उजेडात सहज दिसला.

आठ वर्षांत बुधाजींची चूक मी पाहिलेली नाही. माझ्या मात्र त्यांनी पासष्ट तरी काढल्या असतील. दमले असतील. सगळेच दमलोय.

२८ नोव्हेंबर, बुधवार

आज मी एक नीच काम केलं.

दिवाळीपासून बुधाजी म्हणतात, "बाई, पयलं तुम्ही वाचा, मी बोट फिरवतो." आधी कसं, ते वाचायचे आणि मी जुळवायची. उलटं का झालं हे इतके दिवस मनातही आलं नाही. मराठी शाळेची पुस्तकं चालू होती, ती त्यांना तोंडपाठ. सोमवारपासून मात्र डोक्यात किडा वळवळत होता.

ब्रेलच्या सहा ठिपक्यांना आकडे असतात; बर्मीच्या तक्त्यात होतं एक, दोन, चार. मी मुद्दाम वाचलं — एक, दोन, सहा.

"बरोबर," बुधाजी म्हणाले.

माझ्या गप्प बसण्यावरूनच त्यांनी ओळखलं. हात उचलून मांडीवर ठेवले.

"बोटं गेली, बाई. दसऱ्याच्या सुमारास. साखर हाये, डॉक्टर म्हनाला. गरम-गार कळतं थोडं. ठिपका कळत नाय."

मग सांगितलं नाहीत का, असं विचारलं. ते हळूच बोलले, पलीकडे मशीन चालू होतं म्हणून मला पुढे वाकावं लागलं. दसऱ्याला ते नागपूरला गेले होते, दीक्षा घ्यायला. परत आल्यावर घरातले देव टोपलीत घालून समुद्रात सोडले. आणि त्याच आठवड्यात बोटं सुन्न झाली. "चाळीत कळलं तर काय म्हनतील? देव कोपला. अजून निम्म्या घरांत देव हायेत बाई, लोक वाट बघतायत माझं काय होतंय त्याची. देवाला माझी बोटं कशाला पायजेत?"

आणि नोकरी. इथे येण्याआधी ते वेताच्या खुर्च्या विणायचे. आता बोटांशिवाय तेही जमणार नाही. जयवंतरावांना कळलं की पहिल्या तारखेला नवा वाचक येईल.

मी म्हटलं, कुणाला कळणार नाही. म्हणून बसले खरी.

१ डिसेंबर, शनिवार

आता असं चाललंय — ठिपके मीच डोळ्यांनी वाचते, मीच जुळवते. बुधाजी पानावर हात ठेवून बसतात आणि "बरोबर" म्हणतात. पांढऱ्यावर पांढरे ठिपके. पान खिडकीकडे तिरपं धरलं तरच सावली पडते. चार वाजता ऊन भिंतीमागे गेलं की संपलं.

प्रत्येक पानाच्या तळाशी 'स्पर्शाने तपासले' असं असतं, आणि त्याखाली बुधाजींचं नाव त्यांनी टोचणीनं टोचायचं. ते त्यांना सवयीनं येतं. दोघं मिळून एक खोटं बोलतो, दिवसाला तीस वेळा.

आज फारसीचं अख्खं पान पाठीकडून वाचून काढलं. सगळं डावं-उजवं उलट. तासभर मेहनत पाण्यात. डोळसानं हे काम करूच नये. बुधाजी म्हणाले, "बोटाला पाठ-पोट बरोबर कळतं, बाई." एवढं बोलून ओशाळले.

६ डिसेंबर, गुरुवार

बाबासाहेब गेले. दिल्लीत. बुधाजी आले नाहीत.

७ डिसेंबर, शुक्रवार

छापखाना बंद. दादरला इतकी माणसं लोटलीत की सगळे रस्ते बंद, असं शेजारचे सांगत होते. या गर्दीत बुधाजी कुठे असतील? काठीसुद्धा टेकायला जागा नसेल.

१० डिसेंबर, सोमवार

आले. आवाज पार बसलेला. पान पुढे ठेवलं. त्यांनी रुमाल काढला, कोपरा पुसला. बाकी दिवसभर फक्त "बरोबर".

१३ डिसेंबर, गुरुवार

हे लिहावंसं वाटत नाही.

सकाळी लवकर पोचले. बुधाजी आधीच आलेले. तिबेटीचं पान दोन्ही हातांनी धरून त्यावर वाकलेले, तोंड अगदी कागदाला लागलेलं. मला वाटलं झोप लागली, की रडतायत? जवळ गेले. खालचा ओठ ओळीवरून सरकत होता. मी पान त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि माझ्या तोंडून गेलं —

"अहो, उष्टं काय करताय!"

गेलं. आईच्या घरात दिवसातून दहा वेळा जाणारा शब्द. पाण्याच्या भांड्याला तोंड लागलं की उष्टं, बोट चाटून डब्यात घातलं की उष्टं. मी भावाला म्हणते, भाचीला म्हणते. पण आज तो कुणाला म्हटला, ते पान हातात आल्यावर कळलं.

बुधाजी सरळ बसले.

"ओठाला लागतंय, बाई," म्हणाले. "नागपूरच्या प्रतिज्ञा मी टोचून ठेवल्यात, बावीसच्या बावीस. लिवल्या खऱ्या, पन बोटानं कधी वाचता आल्या नायत. बाबा गेले त्या दिवशी कागद तोंडाशी धरून बसलो होतो. आनि अक्षर लागलं. पयलं लागलं, मग दुसरं. म्हनून म्हटलं हितं बघावं. ओठ कोरडा करून घेतला होता."

खिशातला रुमाल काढून दाखवला. मग काठी घेतली आणि गेले. मी पान हातात धरून उभी. ते कोरडं होतं, अगदी कोरडं.

१४ डिसेंबर, शुक्रवार

आले नाहीत.

१७ डिसेंबर, सोमवार

आले नाहीत. जयवंतराव विचारत होते. ताप आहे म्हटलं. एकटीनं बारा पानं केली. त्यातली किती बरोबर, देव जाणे. त्या पुस्तकावर भरवसा ठेवून कुठल्या तरी देशातला कुणी मास्तर आंधळ्या पोरांना माझी चूक शिकवणार.

आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग उष्टं नाही तर काय ते? पुस्तकाला तोंड लावतात का कुणी?" आणि मग, "पण बिचाऱ्यानं वाचावं तरी कशानं?" पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

माफी मागायची तर नायगावला जायला हवं. पाय निघत नाही. मी भित्री आहे, हे या वहीला सांगायला हरकत नाही.

२० डिसेंबर, गुरुवार

मी गेले नाही, तर शेवंतीबाईच आल्या. बुधाजींची बायको, गिरणीत वायंडिंग खात्यात. पाळी सुटून थेट आलेल्या, केसांत कापूस. फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या.

"ते येनार नायत म्हनतात. तुम्ही कायतरी बोललात."

"बोलले."

"मला सांगत नायत काय ते. सांगू पन नका." मग पदरानं तोंड पुसलं. "घरी रोज सकाळी त्यो कागद ओठाला लावून बसतात. शेजारीन बघून गेली. म्हनते, बघा, सोडलेल्या देवाचा कागद चाटतोय. मी म्हटलं, चाटत नाय, वाचतोय. निदान वाचतोय!"

मी म्हटलं, माझं चुकलं, त्यांना सांगा.

"मला कशाला सांगता? मला थोडंच बोललात तुम्ही?"

खरं होतं. मी म्हटलं, सोमवारी त्यांना घेऊन या, मी साहेबांशी बोलते, नोकरी जाऊ देणार नाही. त्या पदर खोचून निघाल्या. माझ्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

२१ डिसेंबर, शुक्रवार

जयवंतरावांना सगळं सांगितलं. बोटं, साखर, माझं डोळ्यांनी वाचणं, खोट्या सह्या. आधी भडकले. मग ओठाचं सांगितलं तर हसले. मग हसू थांबलं.

"तोंड लावलेला कागद परदेशी पाठवू? आणि ओल्यानं उठलेले ठिपके खाली बसतात ते वेगळंच."

मी म्हटलं, कोरडा असतो. एकदा बघा. चुकले तर नवा माणूस आणा, आणि माझ्याही जागी आणा.

हे शेवटचं कसं बोलून गेले कोण जाणे. चाळिशी उलटलेल्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार?

२४ डिसेंबर, सोमवार

बुधाजी आले. धुतलेला पांढरा सदरा. माझ्याशी बोलले नाहीत. शेवंतीबाई फाटकाशी थांबल्या, आत बोलावलं तरी येईनात.

जयवंतरावांनी तिबेटीचं न तपासलेलं पान काढलं. मशीनवरची माणसंही काम टाकून गोळा झाली. बुधाजींनी रुमालानं कोपरा पुसला. मग ओठ पुसला. मग सगळ्यांसमोर वाकले.

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मी वळून पाहिलं तसं थांबलं.

"एक, तीन, चार. पुढं दोन, चार, पाच. पुढं —" ओठ सरकायचा, मग मान उचलून आकडे सांगायचे, मग पुन्हा वाकायचं. मी छापील तक्त्यावर बोट ठेवून उभी. बेचाळीस अक्षरं. तीन ठिकाणी ते थांबले, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "हितं छपाईचा पत्रा चुकलाय." तिन्ही ठिकाणी चुकला होता. त्यातल्या दोन चुका मला उन्हातसुद्धा दिसल्या नसत्या.

पाठ दुखली असेल. ओठ लाल झालेला. मला रडू येत होतं, आणि या सगळ्या लोकांसमोर त्यांना वाकवलं ते मीच, हेही कळत होतं.

जयवंतराव म्हणाले, ठीक. नोकरी राहील. पण एक करायचं — बुधाजींसाठी प्रत्येक पानाची वेगळी प्रत काढायची. वाचून झाली की फाडायची. सहीची, पाठवायची प्रत स्वच्छ राहिली पाहिजे.

वेगळी प्रत. आमच्या मोरीच्या फळीवर कान तुटलेली एक कपबशी आहे, भांडीवालीसाठी. तीच आठवली. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात बुधाजी म्हणाले, "चालंल."

नंतर मला म्हणाले, "वेगळं काय नवीन नाय, बाई. नोकरी ऱ्हायली."

अकरा दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

२ जानेवारी १९५७, बुधवार

रोज पंचवीस पानं. बुधाजी वाचतात, मी जुळवते — पुन्हा पूर्वीसारखं. काम चोख होतंय. मग मी त्यांची प्रत फाडते आणि ज्या पानाला त्यांचा स्पर्श झालेलाच नाही, त्यावर ते 'स्पर्शाने तपासले'च्या खाली नाव टोचतात.

माफी मागितली आज. म्हटलं, त्या दिवशी मी बोलले ते फार वाईट होतं. बुधाजी म्हणाले, "हां." एवढंच. मला वाटलं होतं, मन हलकं होईल. झालं नाही.

बाहेर समितीची प्रचारफेरी चालली होती, निवडणूक आलीय. जयवंतराव खिडकी लावून घ्या म्हणाले. सोळा भाषा झाल्या, अकरा राहिल्या. झोपावंसं वाटतंय, महिनाभर.

३ जानेवारी, गुरुवार

आत्ता ही वही उघडली. कालचं वाचायला मागे जायचं होतं, पानं चिकटली होती. बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

आणि तसंच धरून बसले.

आठ वर्षं. दिवसाला शंभर पानं. प्रत्येक पान मी थुंकीनं सोडवून बुधाजींच्या हातात दिलं. उजव्या कोपऱ्याला धरून.

मी त्यांना स्वच्छतेचं वेड म्हणत होते!

४ जानेवारी, शुक्रवार

आज वेगळी प्रत काढली नाही. जयवंतरावांनी विचारलं तेव्हा सांगितलं — या छापखान्यातून आठ वर्षांत गेलेलं प्रत्येक पान माझं उष्टं आहे, आधी ती सगळी परत मागवा. ते निघून गेले.

बुधाजींना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं.

"पयल्या दिवसापासून," ते म्हणाले. "ओल्यानं ठिपका बसतो, म्हनून पुसायचो. दुसरं काय नाय, बाई. द्या पुढचं पान."